हाताला गुंडाळलेला दोर

माझ्या उजव्या हाताला, अंगठ्याच्या मुळाशी, दातांच्या दोन खुणा आहेत. दोन्ही माझ्या मोठ्या जावेच्या. एक माझ्या थोरल्या दिराच्या तेराव्याला उमटली, दुसरी गेल्या उन्हाळ्यात, धरणाच्या पाण्यात, शिडाची बोट शिकताना. पहिलीपासूनच सांगते, नाहीतर दुसरी कळायची नाही.

आमचं गाव राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या फुगवट्यावर. धरण भरलं की पाणी मागे पसरत आमच्या उसाला टेकतं, आणि उन्हाळ्यात हटत हटत पार लांब जातं. मग आपली मोटर त्याच्या मागे न्यावी लागते. मोटर असते पिंपांच्या तराफ्यावर, आणि तराफा दोराने ओढायचा. माझा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ मिळून दरवर्षी हे काम करायचे. त्या वर्षी दोघे गेले आणि एकच परत आला. माझा.

नवऱ्याने सांगितलं ते असं. थोरल्याने दोर हाताला गुंडाळून घेतला होता. वाऱ्याचा झपका आला, तराफा धरणात बुडालेल्या जुन्या नदीच्या खोल पात्राकडे सुटला, थोरल्याचा पाय गाळावरून सरकला आणि तो तराफ्यामागे ओढला गेला. नवऱ्याने उडी मारली. पाण्याखाली दोर सोडवता सोडवता त्याची नखं निघाली, दोर काही निघाला नाही. दम संपला तेव्हा तो एकटा वर आला.

जावेने यातलं एक अक्षर मानलं नाही. तेराव्याला, भरल्या मांडवात, पंगत बसलेली असताना ती ओरडली, “दोर हाताला हुता तर मूठ उघडायची! माझा मानूस काय खुळा हुता, दोर धरून बुडायला? ह्यानं सोडून दिलं त्याला. भावाला खाऊन आलाय ह्यो!”

माझा नवरा वाढत होता. त्याच्या हातातलं बुंदीचं ताट तसंच राहिलं. मी म्हटलं, “आक्का, तोंड सांभाळा.” तिने चुलीपुढची फुंकणी उचलली आणि माझ्या कानशिलावर हाणली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग मीही काही कमी नाही. मी तिचे केस मुठीत धरले आणि तिला राखेत खाली घेतली. बायका आम्हाला ओढत होत्या, कुणी माझ्या पाठीत गुद्दे घालत होतं, पण माझी मूठ काही सुटेना. शेवटी तिने मान वळवली आणि माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले, हाडापर्यंत. तेव्हा कुठे मूठ उघडली.

बाजारगावच्या डॉक्टरने विचारलं, काय चावलं? आता जाऊ चावली असं सांगायचं? घराची उरलीसुरली अब्रूही गेली असती. मी म्हटलं, कुत्रं. झालं! इंजेक्शनांचा सगळा कोर्स घ्यावा लागला मला, दंड सुजून भोपळा. पण खरी गोष्ट गावाला ठाऊक होतीच, आणि ‘कुत्रं’ हे नाव तिला कायमचं चिकटलं. ती माझ्या दारावरून गेली की मी मोठ्याने “हाड!” म्हणायचे. वाईट वाटत नाही मला त्याचं. तिने माझ्या नवऱ्याला खुनी म्हटलं होतं.

त्या दिवसापासून मी तिला ‘आक्का’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचं सोडलं. एक भिंत, एक अंगण, आणि बोलणं शिव्यांपुरतं. पण खरा मेला तो माझा नवरा. तो पाण्याकडे फिरकेना, मोटर गड्याच्या हवाली केली. वहिनी अंगणात आली की हा ताटावरून उठायचा. मी समजावलं, भावकीने समजावलं, की बाबा, तुझी काही चूक नाही. तो म्हणायचा, “तुमी म्हनून काय उपेग?” म्हणजे तिने म्हणायला हवं होतं. तिने एकदा, एकदाच त्याच्या तोंडावर म्हणावं, की तुम्ही मारलं नाही. बाकी मला देवाकडे काही मागायचं नव्हतं. आणि ती तर त्याला भावजी म्हणायचीही बंद झाली होती.

अशात आमच्या भावकीतले एक नौदलातून निवृत्त होऊन आले. सगळे त्यांना नेव्हीवाले म्हणतात. पांढऱ्या मिशा, आवाज असा की पलीकडच्या काठावरचे बगळे उडावेत. त्यांनी कुठून तरी दोन जुन्या शिडाच्या बोटी ट्रकवर घालून आणल्या. बोट म्हणजे काय, गूळ आटवायची, दोन माणसं मावतील अशी मोठी काहील, वर एक डोलकाठी, तिला शीड, आणि शिडाच्या तळाला डोक्याच्या उंचीवर फिरणारा एक आडवा दांडा. शनिवार-रविवारी नगरहून, पुण्याहून लोक येतील, बोटीत बसतील, आणि बोटी चालवतील आमच्या बचत गटातल्या बायका, असं त्यांच्या मनात. पुरुष हसले. म्हणून बायका लगेच तयार झाल्या.

जावेने पहिलं नाव दिलं. कुणीतरी म्हणालं, अगं, तुला पाण्याची भीती नाही वाटत? ती म्हणाली, “त्या पान्यानं माझा मानूस खाल्ला. आता मी त्याच्या टकुऱ्यावर बसनार.” ती जाणार म्हटल्यावर मी मागे राहते की काय! दुसरं नाव माझं.

नेव्हीवाल्यांनी वजनं बघून जोड्या लावल्या. “दोन भरीव बायका लागतात हिला, नाहीतर उलटते,” म्हणाले आणि आम्हा दोघींकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, “मी हिच्याबरोबर बसणार नाही. ही मला बुडवील.”

“बुडवायची असती तर घरच्या हिरीत ढकलली असती,” जाऊ म्हणाली. “बोटीची काय गरज?”

नेव्हीवाले म्हणाले, “भांडा. पण बोटीत बसून भांडा.”

तर असं आमचं शिक्षण सुरू झालं. मी लेकीचा जुना पंजाबी ड्रेस घालायचे, जाऊ साडीला काचा मारायची, वर त्या नारिंगी फुगीर जाकिटात दोघी भोपळ्यासारख्या. सुकाणूचा दांडा तिच्याकडे, शिडाचा दोर माझ्याकडे. सुकाणू उलटं असतं, दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. जावेला ते लगेच जमलं. मी म्हटलं, उलट्या काळजाचीच बाई, जमणारच. तिने तेवढ्यात दांडा सर्रकन लोटला, बोट वळली, वरचा आडवा दांडा धाडकन फिरला आणि माझ्या कपाळावर बसला. टेंगूळ आलं लिंबाएवढं. ती खो-खो हसली. मी तिला दोन्ही हातांनी छातीवर धक्का दिला आणि पाण्यात पाडली. पाणी कमरेइतकंच होतं. ती उठली, गाळाचा गोळा हातात घेतला आणि माझ्या तोंडावर मारला. काठावर बायका पोट धरून हसत होत्या. नेव्हीवाले कपाळाला हात लावून म्हणाले, “तीस वर्षं समुद्रावर काढली, असलं युद्ध नाही पाहिलं.”

माझी खोड वेगळीच होती. वारा वाढला, दोर ओढायला लागला, की माझा हात आपोआप गोल फिरायचा आणि दोर मनगटाला गुंडाळून घ्यायचा. आमच्याकडे सगळे हेच करतात. म्हैस पाण्याला नेताना दावं असंच धरायचं, विहिरीतून बादली ओढताना असंच, उसाची मोळी आवळतानाही असंच. नुसतं हातात धरलेलं आमच्या मनाला धरल्यासारखं वाटतच नाही. नेव्हीवाले काठावरून बोंबलायचे, “गुंडाळू नका! म्हैस नाही ती! वारा आला की ढील द्या. पतंगाला देता तशी. सोडून द्या!”

आता सांगा, ओढणाऱ्या वस्तूला सोडून द्यायचं हे बाईमाणसाला कोण शिकवतं? आम्हाला धरायलाच शिकवलेलं. मग ते त्यांची मोटारबोट शेजारी आणून वल्ह्याच्या टोकाने माझ्या बोटांवर मारायचे, मी दोर सोडायचे, आणि पुढच्या झपक्याला हात परत गोल.

एक मात्र कबूल करते. बोट जेव्हा धावायला लागायची ना, वारा नेमका अंगावर घेऊन, तेव्हा शिव्या बंद व्हायच्या. खालून पाणी फाडल्याचा आवाज यायचा, बोट कलायची, आम्ही दोघी एकदम मागे रेलून अंग बाहेर टाकायचो, खांद्याला खांदा लावून. तसं नाही केलं तर उलटायची. त्या वेळी तिच्या अंगाची धग मला लागायची आणि माझी तिला. काठाला आलो की परत तेच. “हाड!” “हाड तुजा नवरा, भावखाऊ!”

त्या दिवशी दुपारीच पश्चिमेकडून वारा उठला. सकाळी पाणी ताटासारखं होतं, आणि जेवणं होईतो त्याला दात फुटले. नेव्हीवाल्यांनी परत या म्हणून शिट्टी मारली. पण दुसऱ्या जोडीची बोट पलीकडच्या गाळात रुतली, आणि ते मोटारबोट घेऊन तिकडे गेले. आम्ही वळायला लागलो. वळता वळता जाऊ पाण्यात टक लावून बघायला लागली. मी बघितलं तर आम्ही जुन्या नदीच्या खोलीवर होतो. तिचा माणूस गेला ती जागा.

“हितंच,” ती म्हणाली. “हितंच सोडलं त्यानं.”

“सोडलं न्हाई!” मी ओरडले. “किती डाव सांगायचं तुला? बैल हायेस का तू?”

“मूठ उघडायची! लहान पोराला कळतं ते!”

“तू हुतीस का तितं? माझ्या नवऱ्याची नखं निघालेली तू बघितलीस, आनि तरी—” दोर ओढायला लागला, आणि माझा हात गोल फिरला. एकदा. परत एकदा. टोक मुठीत घट्ट.

झपका बाजूने आला. शीड फुगलं, बोट आडवी झाली. जाऊ ओरडली, “सोड! ढील दे!” मला ऐकू आलं. अगदी स्पष्ट ऐकू आलं. पण मी ओढणाऱ्या म्हशीला ओढावं तसा दोर आणखी आवळला. बोट उलटली, आणि उलटली ती पूर्ण, डोलकाठी खाली, बूड वर.

शीड खाली गेलं, दोर शिडाबरोबर खाली, हात दोराबरोबर. जाकीट मला वर लोटत होतं आणि हात मला खाली खेचत होता. मी मधे ताणलेली. वर उजेड दिसत होता, हिरवा, तोंडापासून वीतभर. तेवढं अंतर मला पुरं करता येईना. मी हाताला सांगत होते, सोड, अगं सटवे, सोड. हात ऐकत नव्हता. तो माझा हातच नव्हता. जितकी भीती वाटे तितकी मूठ आवळे. नाकातोंडात पाणी गेलं. छाती फुटायला आली. मला नवरा दिसला, ताटावरून उठताना. तो आता जावेसमोर कधीच बसायचा नाही, एवढं एकच डोक्यात आलं.

मग माझ्या खांद्यावर कुणीतरी पाय दिला. जाऊ होती. जाकीट काढून टाकून ती खाली आली होती. विहिरीत पोहायला शिकलेली ती, खाली जायला घाबरत नाही. तिने दोर धरला, ओढला, नखं घातली. मला तिची नखं जाणवत होती. दोर सुटेना. ती वर गेली. मी म्हटलं, गेली. सोडून गेली. देवाशप्पथ, मी पाण्याखाली तिला शिवी दिली.

ती परत आली. तिने माझ्या पोटात गुद्दा मारला, मुठीवर गुद्दे मारले, बोटं एकेक करून उलटी वाकवायला बघितली. आणि मग अंगठ्याच्या मुळाशी, त्याच जागी, तिचे दात बसले. हाडापर्यंत. मूठ उघडली. टोक सुटलं, वेढे सरकले, आणि जाकिटाने मला बाटलीच्या बुचासारखं वर फेकलं.

मी उलट्या बोटीला लटकून ओकत होते. जाऊ शेजारी. तिच्या तोंडाला माझं रक्त लागलेलं. तिने माझा हात ओढून डोळ्यांसमोर धरला. मनगटावर दोराचे दोन वळ काळेनिळे, कातडी सोललेली.

“मूठ का उघडली न्हाईस?” तिने विचारलं.

“उघडत हुते.”

“खोटं बोलती! मी बघितलं. तू आवळत हुतीस!”

“अगं उघडंना! मी सोड म्हनत हुते, ती आवळत हुती! आता मारतीस का मला?”

मारलंच तिने. थाडकन, गालफडात. मग दुसरी. मग ती बोटीच्या बुडावर दोन्ही मुठी आपटायला लागली. बूड ढोलासारखं वाजत होतं. “माझीबी नखं बसली न्हाईत,” ती म्हणत होती. “दोर लोखंडासारखा झाल्ता. माझीबी नखं बसली न्हाईत गं.” तेराव्याला ती ओरडली होती, पण रडली नव्हती. ते रडणं त्या दिवशी निघालं. मी तिच्या काच्यात मूठ घालून तिला धरून ठेवली, नाहीतर घसरली असती. मोटारबोट येईपर्यंत आम्ही तशाच.

डॉक्टर तोच. बाकावर आम्ही दोघी, खाली चिखलपाण्याचं थारोळं. त्याने माझा हात उलटा-सुलटा केला, जुनी खूण बघितली, नवी बघितली, आणि चष्म्यावरून म्हणाला, “परत? काय चावलं?”

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, “कुत्रं चावलं म्हना, डॉक्टर.” खाली मान घालून, अगदी हळू.

आणि माझं डोकं सटकलं. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी बाकावरून उठले, टेबलावर असा हात आपटला की ताजं रक्त त्याच्या कागदांवर उडालं. “कुत्रं कुनाला म्हन्ता, आक्का? माझी जाऊ चावली, डॉक्टर! जाऊ! माझ्या जावंला कुत्रं म्हनायचं न्हाई कुनी. तुमीबी न्हाई, आनि तिनंबी न्हाई!”

डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकला. आणि दारातून कुणाचा तरी हुंदका आला. माझा नवरा होता. कुणीतरी त्याला बोट उलटली आणि कुठे उलटली, एवढंच सांगितलं होतं. तो अनवाणी पळत आला होता. मला उभी बघितली आणि त्याने चौकट धरली. मग वहिनीला बघितलं, आणि सवयीने मागे फिरला.

“भावजी,” जाऊ म्हणाली.

तो थांबला. वळला नाही. त्याची पाठ मला दिसत होती, शर्ट घामाने चिकटलेला.

“भावजी, मी हात लावून बघितलं. न्हाई सुटत. तुमी न्हाई मारलं त्यास्नी.” तिचा आवाज फाटला, तिने पदराने तोंड पुसलं, रक्त पसरलं. “चावायचं न्हाई का वो सुचलं तुमाला?”

तो हळूहळू वळला. मग म्हणाला, “न्हाई सुचलं, वैनी.”

“कसं सुचंल. मला तरी कुटं सुचलं असतं? हिला आदी एकदा चावले हुते, म्हनून ठावं. चावलं की ही मूठ सोडती.”

नवरा खाली बसला, दारातच, चपलांच्या ढिगात, आणि मोठ्याने रडला. डॉक्टरने बाहेरून डोकावणाऱ्या पेशंटांना मागे हटवलं आणि मला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. जावेने माझा दंड धरला होता, इतका घट्ट की इंजेक्शनापेक्षा तिची बोटंच जास्त दुखली. मी म्हटलं, “आक्का, सोडा आता.” तिने सोडला नाही.